शिकाऊ क्लॅरिनेट सुरात आणायचं तर

माझ्याकडे क्लॅरिनेट शिकायला येणारी नववीतली मुलगी एकदा रडवेली होऊन आली. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम होती, साथीला पेटी होती आणि हिचा प्रत्येक सूर पेटीला घासून जात होता. कुणीतरी सांगितलं, "बॅरल थोडं बाहेर ओढ." (बॅरल म्हणजे तोंडात धरायचा माउथपीस आणि मुख्य नळी यांच्यामधला आखूड तुकडा.) तिने ओढलं. मधला एक सूर पेटीशी जुळला, पण खालचे सूर आणखी बिघडले. मग कुणी म्हणालं, वाद्यच हलकं आहे, नवं घ्या.

वाद्य प्लॅस्टिकचं, नवशिक्यांचं होतं हे खरं. पण प्लॅस्टिक हे बेसूरपणाचं कारण नाही. क्लॅरिनेटमध्ये सूर ठरतो तो आतल्या नळीची लांबी-रुंदी, भोकांची जागा आणि आकार, आणि तोंडाशी काय चाललंय यावरून. नळीची भिंत आफ्रिकन ब्लॅकवूडची आहे की एबीएस प्लॅस्टिकची, याचा वाटा त्यात नगण्य असतो. पालकांना हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण शिकाऊ वाद्यातला बराचसा बेसूरपणा घरबसल्या, बिनखर्चाने किंवा अगदी थोड्या खर्चात दुरुस्त होतो. फक्त कुठला सूर का चुकतोय हे आधी कळायला हवं.

आधी दोन-तीन गोष्टी ठरवून घेऊ. आपण वाजवतो ते साधारणपणे बी फ्लॅट क्लॅरिनेट. त्यात कागदावरचा सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. सगळी बोटं उचलून वाजणारा जी म्हणजे पेटीची पांढरी चार. पुढे मी सुरांची नावं कागदावरची, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यांची वापरणार आहे. मोजायचं माप सेंट. पांढरी एक ते काळी एक हे अंतर १०० सेंटचं. पाच-सहा सेंटचा फरक बहुतेकांना एकट्या सुरात जाणवत नाही, पण दुसरं वाद्य सोबत असलं की दहा-पंधरा सेंट कानाला टोचायला लागतात.

आता बॅरल ओढल्याने एकच सूर का जुळला, ते बघू. सगळी गोम इथेच आहे.

क्लॅरिनेट ही एका टोकाला बंद असलेली नळी मानायची. बंद टोक म्हणजे माउथपीस आणि रीड, म्हणजे त्यावर बांधलेली, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी. अशा नळीत हवेची लांबी सुराच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते. सगळी बोटं उचललेल्या जी-साठी ही लांबी साधारण २५ सेंटिमीटर येते. सगळी भोकं झाकून वाजणाऱ्या सर्वांत खालच्या ई-साठी ती साधारण ५८ सेंटिमीटर. बॅरल १ मिलिमीटर ओढलं की दोन्ही नळ्या सारख्याच, म्हणजे १ मिलिमीटरने लांब झाल्या. पण २५ सेंटिमीटरमध्ये १ मिलिमीटरची भर आणि ५८ मध्ये तेवढीच भर, यांचं वजन सारखं नाही. ढोबळ हिशेबाने जी सुमारे ७ सेंट उतरतो, खालचा ई मात्र जेमतेम ३ सेंट. मधला सी, म्हणजे अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं ठेवून येणारा, पाचच्या आसपास उतरतो.

म्हणजे बॅरल हा तंबोऱ्याच्या मण्यासारखा प्रकार नाही. तिथे मणी सरकवला की तार सगळीच्या सगळी चढते किंवा उतरते. बॅरल ओढलं की वरचे, आखूड नळीचे सूर भरभर उतरतात आणि खालचे रेंगाळतात. सुरांची आपापसातली अंतरंच बदलतात. म्हणून आपण नेमका कुठला सूर पेटीशी जुळवतोय, याला फार महत्त्व आहे. त्या मुलीने जुळवला होता खुला, म्हणजे सगळी बोटं उचललेला जी, आणि तो अनेक शिकाऊ वाद्यांत मुळातच चढा असतो. एका चढ्या सुराला खाली आणताना तिने बाकीचं सगळं सप्तक खाली खेचलं.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. बासरीवर एखादा सूर लावून फुंक जरा बदलली की त्याच बोटांनी तार सप्तकातला तोच सूर निघतो, 'सा'चा 'सा'. क्लॅरिनेटमध्ये तसं होत नाही. बंद टोकाच्या सरळ नळीत 'सा'वरून उडी मारली की येतो तार सप्तकातला 'प'. क्लॅरिनेटच्या बोटांची गुंतागुंत या एका गोष्टीतून आलेली आहे. ही उडी मारायला डाव्या अंगठ्याजवळ एक चावी असते, तिला रजिस्टर चावी म्हणतात. १७०० च्या सुमारास न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नरने शालुमो या साध्या वाद्यात सुधारणा करून क्लॅरिनेट घडवलं असं मानतात, तेव्हापासून ही चावी या वाद्याच्या केंद्रस्थानी आहे.

या चावीखालचं भोक खरं तर नळीच्या लांबीच्या एक तृतीयांशावर हवं. पण लांबी कुठली? खालच्या ई-साठी ते माउथपीसच्या टोकापासून सुमारे १९-२० सेंटिमीटरवर हवं, आणि वरच्या बाजूच्या एफ शार्पसाठी ९ सेंटिमीटरच्या जवळपास. भोक तर एकच. म्हणून ते मध्येच कुठेतरी केलेलं असतं. जिथे ते योग्य जागेपासून लांब पडतं, तिथे उडी मारल्यावरचा सूर थोडा चढतो. भरीस भर म्हणून याच भोकाकडून गळ्याचा बी फ्लॅट काढायचं दुसरंही काम करून घेतात. (जी, जी शार्प, ए आणि बी फ्लॅट या चार सुरांना गळ्याचे सूर म्हणतात, कारण ते वाद्याच्या मानेशी निघतात.) एका भोकाने दोन कामं करायची म्हटल्यावर दोन्ही अर्धवटच होणार.

याचा अर्थ असा की कारखान्यातून आलेलं कुठलंही क्लॅरिनेट, अगदी महागातलंसुद्धा, पूर्ण सुरात नसतं. चांगल्या वाद्यात चुका लहान असतात आणि नीट वाटून दिलेल्या असतात. शिकाऊ वाद्यात त्या जरा मोठ्या असतात, एवढंच.

मग करायचं काय? पहिलं काम म्हणजे वाद्याला हात न लावता त्याचा नकाशा काढायचा. मी हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतो.

आधी दहा मिनिटं वाजवून वाद्य तापवायचं. थंड वाद्य उतरलेलं बोलतं, कारण आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. नळीतली सगळी हवा एक अंश सेल्सिअसने तापली तर सूर सुमारे ३ सेंट चढतो. मग फोनवरचा ट्यूनर ४४० वर (ए = ४४० हर्ट्झ, ही आजची पट्टी) लावायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. वाजवणाऱ्याने काटा बघायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. काटा दिसला की ओठ आपोआप सूर सावरायला लागतात आणि वाद्याची खोड झाकली जाते. डोळे मिटून, मध्यम आवाजात, एकेक सूर चार-पाच सेकंद धरायचा आणि दुसऱ्याने आकडा लिहायचा. खालच्या ई-पासून वर जायचं. हेच तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही दिवस जो सूर एकाच बाजूला चुकतो, त्याची खोड वाद्याची. जो एकदा चढा, एकदा उतरा दिसतो, तो वाजवणाऱ्याचा.

आवाज मध्यम का ठेवायचा, तेही सांगतो. क्लॅरिनेट जोरात वाजवलं की उतरतं, हळू वाजवलं की चढतं. बासरीत नेमकं उलट होतं, त्यामुळे बासरीकडून आलेल्या मुलांचा हमखास गोंधळ उडतो. गाण्याची ओळ संपताना आवाज विरत नेला की सूर चढत जातो, आणि मुलांना वाटतं आपण तर काहीच बदललं नाही.

नकाशा हातात आल्यावरही मी लगेच वाद्य उघडत नाही. आधी एक छोटी चाचणी. बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त माउथपीस आणि त्याला जोडलेलं बॅरल एवढंच वाजवायचं. ओठांची पकड नीट असेल तर पेटीवरची काळी तीन ऐकू यायला हवी, मधल्या सप्तकाच्या वरच्या सप्तकातली. सूर त्याच्या खाली येत असेल तर ओठ सैल आहेत किंवा रीड फार मऊ आहे. वर जात असेल तर मूल रीड चावतंय, आणि बऱ्याचदा त्यामागे वयाच्या मानाने कडक रीड असते.

त्या मुलीचा सूर काळी तीनच्या २०-२५ सेंट वर गेला. तिला कुणीतरी तीन नंबरची रीड दिली होती. कडक रीड हलावी म्हणून ती खालचा जबडा वर दाबत होती आणि त्या दाबाने सगळंच वाद्य चढत होतं. अडीच नंबरची रीड लावली, हनुवटी सपाट ठेवायला सांगितली, आणि जिभेचा मागचा भाग 'ई' म्हणताना उचलतो तसा उचलून बारीक, वेगवान फुंक घालायला सांगितली. दोन आठवड्यांत चाचणीचा सूर काळी तीनवर स्थिरावला. मग आम्ही नकाशा पुन्हा काढला. पहिला नकाशा फुकट गेला म्हणून ती हिरमुसली, पण तो फुकट गेला नव्हता. दोन नकाशांमधला फरक म्हणजे तिच्या जबड्याचा हिशेब होता. उरलं ते वाद्याचं.

उरलेलं असं होतं: खुला जी २२ सेंट चढा, गळ्याचा ए २५ चढा. मधला सी ६ चढा. खालचा ई १२ उतरा. सहाही बोटं ठेवून येणारा खालचा जी १४ उतरा, आणि त्याच बोटांवर रजिस्टर चावी दाबून येणारा डी १६ उतरा.

हे शेवटचे दोन आकडे बघितल्यावर मला हायसं वाटलं. क्लॅरिनेटच्या एकाच भोकावर दोन सूर उभे असतात, खालचा आणि त्याच्या उडीवरचा. दोन्ही एकाच दिशेने, जवळजवळ सारखेच चुकत असतील तर दोष त्या भोकाशी आहे, आणि तो दुरुस्त होतो. दोन्ही विरुद्ध दिशांना चुकत असतील, खालचा १० उतरा आणि वरचा १० चढा, तर भोकाशी खेळून काहीही मिळणार नाही. एक सुधारला की दुसरा तेवढाच बिघडेल. असा सूर ओठांवर सोडून द्यायचा.

सहा बोटांच्या जी-ची हवा बाहेर पडते ती उजव्या करंगळीच्या चावीने झाकल्या जाणाऱ्या मोठ्या भोकातून. त्यावरचं पॅड, म्हणजे भोक झाकणारी चावीची मऊ गादी, एरवी उघडं राहतं. ते पुरेसं उघडत नसेल तर हवेला वाट अडते, सूर उतरतो आणि आवाजात फुसफुस येते. चावीखाली जो कॉर्कचा तुकडा चिकटवलेला असतो, त्याच्या जाडीवर हे उघडणं ठरतं. तिच्या वाद्यात कुणीतरी नेहमीपेक्षा जाड तुकडा चिकटवला होता. बारीक पॉलिश पेपरने तो थोडा-थोडा झिजवला, दर वेळी वाजवून बघितलं. जी आणि डी दोन्ही वर आले, फुसफुसही गेली. उलटही घडतं. कॉर्क गळून पडला की पॅड गरजेपेक्षा जास्त उघडतं आणि ते दोन सूर चढतात.

कॉर्कच्याही आधी बघायची गोष्ट म्हणजे घाण. बोटांचा घाम, थुंकी आणि धूळ मिळून भोकांच्या कडेला एक थर धरतो. भोक लहान झालं की सूर उतरतो. रजिस्टर चावीखाली आत एक बारीक नळी असते. तिच्यात लिंट, म्हणजे कापडाचे बारीक तंतू, अडकलं की गळ्याचा बी फ्लॅट घुसमटतो आणि वरच्या उड्या अडखळतात. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने भोकं, आणि पातळ पाइप क्लीनरने ती नळी महिन्यातून एकदा साफ करावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पातळ कातडीची पॅडं ओल धरून फुगतात, नीट बसत नाहीत आणि हवा गळायला लागते. तेव्हा जुलै-ऑगस्टात काढलेल्या नकाशावर फार विसंबू नका.

भोक मुळातच मोठं असल्याने एखादी जोडी चढी असेल तर पातळ चिकटपट्टीची चंद्रकोर कापून भोकाच्या आतल्या भिंतीला, माउथपीसकडच्या बाजूने लावायची. सूर उतरतो. नको असेल तर काढून टाकता येते. उतरलेला सूर चढवायला भोक कोरून मोठं करतात, पण ते काम अनुभवी कारागिराचंच. कोरलेलं परत भरून येत नाही. ड्रिल घेऊन बसलेल्या हौशी पालकांनी बिघडवलेली दोन वाद्यं मी बघितली आहेत आणि दोन्ही वेळा मुलांचं वाईट वाटलं.

आता त्या मुलीचं बॅरल. जी २२ चढा. ३ मिलिमीटर ओढलं तर जी जवळपास बरोबर येईल, पण मधला सी ८ सेंट उतरा होईल आणि खालचा ई थेट २१ सेंट उतरा. म्हणून आम्ही दीड मिलिमीटरच ओढलं. जी ११-१२ चढा राहिला, सी बरोबर आला, ई १६-१७ उतरा राहिला. गळ्याचे उरलेले सूर बोटांनी आणले. ए आणि बी फ्लॅट वाजवताना उजव्या हाताची दोन-तीन बोटं त्यांच्या भोकांवर ठेवली की सूर थोडा उतरतो आणि त्याचा पोकळ आवाजही भरीव होतो. नेमकी कुठली बोटं, हे प्रत्येक वाद्यात वेगळं असतं, शोधावं लागतं. याचा एक फायदा आणखी आहे. गळ्याच्या ए-वरून वरच्या बी-वर जाताना मुलं अडखळतात, कारण अचानक सगळी बोटं एकदम ठेवावी लागतात. उजवा हात आधीच खाली असेल तर ती उडी सोपी होते.

बॅरल ओढल्यावर आत एक खाच पडते, नळी तेवढ्याच भागात रुंद होते. ती भरायला प्लॅस्टिकच्या पातळ कड्या मिळतात, एक-दोन मिलिमीटर जाडीच्या. कडी बसवली की सूर स्थिर राहतो आणि बॅरल आपोआप आत सरकायची भीती राहत नाही. सगळंच वाद्य चढं असेल तर कड्यांपेक्षा लांब बॅरल बरं. नेहमीचं ६५-६६ मिलिमीटरचं असतं, ६७ चंही मिळतं. आणि उजव्या हाताचे सूर तेवढे चढे असतील तर बॅरलला हात न लावता मधला जोड, म्हणजे वाद्याच्या वरच्या आणि खालच्या भागांमधला, अर्धा मिलिमीटर ओढायचा. त्याने गळ्याच्या सुरांना धक्का लागत नाही. या मधल्या जोडाचा उपयोग फार कमी जणांना सांगितला जातो.

खालच्या ई-चं आम्ही काहीच केलं नाही. तो सूर उतराच राहतो, कितीतरी वाद्यांत राहतो. तो जोरात फुंकायचा नाही, एवढं तिला शिकवलं. हळू फुंकलं की क्लॅरिनेट चढतं, तीच खोड इथे उपयोगी पडते.

जुन्या बाजारातून वाद्य घेणार असाल तर एक गोष्ट नक्की बघा. अंगावर 'एच. पी.' अशी अक्षरं कोरलेली असतील तर ते वाद्य जुन्या चढ्या पट्टीचं आहे. ब्रिटिश लष्करी बँडची पट्टी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत ए = ४५२ च्या आसपास होती. आजची ४४० ची पट्टी १९३९ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. दोन्हींत जवळजवळ अर्ध्या काळी-पांढरीचं, ४८ सेंटचं अंतर आहे. तेवढं बॅरल ओढलं तर वाद्याची अंतरं पार विस्कटतात. अशा वाद्याला कितीही कारागिरी केली तरी ते आजच्या पेटीशी बोलणार नाही.

पेटीवरून आठवलं. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे, उन्हाळ्यात ते जवळपास जागच्या जागी राहतात, पण क्लॅरिनेटमधली हवा तापते आणि ते चढतं. शिवाय जुनी पेटी ४४० वर असेलच असं नाही. मग ट्यूनरवर बरोबर असलेलं मूल पेटीसोबत चुकीचं ठरतं. त्या मुलीच्या शाळेतली पेटी मोजली तेव्हा तिची काळी पाच १४ सेंट उतरी निघाली. सगळा दोष हिच्या माथी मारला गेला होता.

आणि ट्यूनरच्या काट्याला फार भुलू नका. तंबोऱ्यावर शुद्ध गंधार लावला तर तो काट्यापेक्षा १४ सेंट खाली येतो, तरी कानाला तोच गोड लागतो. वाद्य काट्याप्रमाणे समान अंतरांवर आणून ठेवायचं, आणि रागातला गंधार ओठांनी आणायचा. एका रागासाठी भोकाला पट्टी लावली तर दुसऱ्या रागात तोच सूर रुसेल. म्हणून रोज दहा मिनिटं तंबोऱ्याच्या ॲपवर काळी पाच लावून लांब सूर धरायला मी सांगतो. सूर जवळ आला की आवाजात लहरी उठतात, आणखी जवळ आला की त्या संथ होतात, जुळला की थांबतात. हे थांबणं एकदा कानाने पकडलं की ट्यूनर लागत नाही.

ती मुलगी आता तालमीला गेली की आधी पेटीवाल्याकडे काळी पाच मागते. ती ऐकून बॅरल कितपत ओढायचं ते ठरवते. मग खुला जी वाजवते, त्याच्यावर विश्वास न ठेवता मधला सी तपासते, आणि तिच्या वहीत पेटीच्या नावाने आकडा लिहून ठेवते.